गुलालबारातली वेगळी चूल

हिवरखेड, अडगाव, तेल्हारा या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात भोसल्यांच्या अमलाची गोष्ट निघाली की ती बहुधा शेवटापासून सांगितली जाते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीने नागपूरकरांच्या फौजेचा पराभव केला, पुढच्या सोळा दिवसांत गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने वऱ्हाडचा मोठा भाग भोसल्यांच्या हातून गेला. हा अंमल मुळात सुरू कसा झाला, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. त्याची सुरुवात एका पंगतीत आहे. १७०७ च्या उन्हाळ्यात संभाजी महाराजांचे पुत्र शाहूराजे सतरा वर्षांच्या मोगली कैदेतून सुटून नर्मदा उतरले आणि खानदेशात आले. हा खरा शाहू नव्हे, तोतया आहे, अशी हाकाटी तेव्हा मराठ्यांचे राज्य चालवणाऱ्या त्यांच्या काकू ताराबाईंच्या बाजूने उठली होती. अशा वेळी वऱ्हाडात दबदबा असलेले परसोजी भोसले आपल्या स्वारांसह त्यांना येऊन मिळाले आणि भर छावणीत एका ताटात त्यांच्याबरोबर जेवले, असे मराठी साधने सांगतात. ज्याच्या ताटात परसोजी जेवतो तो भोसल्यांच्या कुळातलाच असला पाहिजे, याबद्दल मग फारशी शंका उरली नाही. त्याच वर्षी परसोजींना सेनासाहेब सुभा हे पद आणि वऱ्हाड-गोंडवनाचा कारभार मिळाला, आणि नरनाळा नि गाविल या सरकारांतल्या गावांचे पुढचे शतक ठरून गेले. आता प्रश्न असा की सातव्या वर्षी बादशहाच्या छावणीत नेलेला आणि पंचविसाव्या वर्षी बाहेर आलेला हा राजपुत्र ताटाला ताट लावण्याजोगा राहिला कसा? माझे म्हणणे असे आहे की याचे उत्तर रणांगणात किंवा दरबारात सापडत नाही. ते औरंगजेबाच्या जनान्याला लागून उभ्या असलेल्या, येसूबाईंनी चालवलेल्या एका छोट्या घरात सापडते. तिथे रोज काय शिजत होते, कोण वाढत होते, कोणाशी सोयरीक जुळत होती, या बायकांच्या मानल्या गेलेल्या गोष्टींनी मराठ्यांच्या गादीचा हक्क जिवंत ठेवला.

येसूबाई शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांच्या कन्या. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत त्यांच्या नावाचा शिक्का चालत असे, त्यावर ‘श्री सखी राज्ञी जयति’ अशी अक्षरे होती. म्हणजे कैदेत जाण्यापूर्वी त्यांना कारभाराची, कागदाची आणि माणसे सांभाळण्याची सवय होती, हे लक्षात ठेवायला हवे. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच महिन्यात इतिकादखानाने रायगडाला वेढा घातला. सगळे राजकुटुंब एकाच गडात अडकून पडू नये म्हणून धाकट्या दिराने, राजारामांनी बाहेर पडावे, हा सल्ला येसूबाईंचा. स्वतः मात्र त्या सात वर्षांच्या मुलासह गडावर राहिल्या. नोव्हेंबरात गड पडला. येसूबाई, शाहूराजे, शिवाजी महाराजांच्या वृद्ध पत्नी सकवारबाई, संभाजी महाराजांचे दासीपुत्र मदनसिंग आणि माधोसिंग, शिवाय आश्रित, दासी, नोकरचाकर असा मोठा मेळा बादशाही छावणीत दाखल झाला. गड जिंकून देणाऱ्या इतिकादखानाला झुल्फिकारखान हा किताब मिळाला. शाहूराजांना राजा ही पदवी आणि सात हजारांची मनसब मिळाली. मनसबीचा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण पुढे जे घर चालवायचे होते त्याला तो किती पुरला, हे येसूबाईंच्या पत्रावरून कळते. त्याकडे पुढे वळू.

मोगल जनान्याचे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर कारंजी, अत्तर आणि गवाक्षे येतात. ही प्रतिमा पुष्कळशी युरोपीय प्रवाशांच्या कल्पनेने आणि नंतरच्या चित्रपटांनी घडवलेली आहे. अबुल फजलचा आईन-इ-अकबरी वाचला तर तिथे दिसते ते एक खाते आहे. अकबराच्या जनान्यात पाच हजारांवर स्त्रिया होत्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र निवास होता. त्यांचे विभाग पाडून प्रत्येक विभागावर दरोगा म्हणून एक स्त्री नेमलेली असे. हिशेब लिहिणारी एक लेखनिक स्त्री होती, रोकड सांभाळणाऱ्या तहवीलदार होत्या. वरच्या दर्जाच्या स्त्रियांना महिना १०२८ ते १६१० रुपये, तर नोकरवर्गातल्यांना दर्जाप्रमाणे ५१ रुपयांपासून २ रुपयांपर्यंत तनखा मिळे. आत हत्यारबंद स्त्रियांचा पहारा, दाराशी खोजे, त्यांच्यापुढे रजपूत आणि मग बाहेरचे पहारेकरी. औरंगजेबाच्या काळाबद्दल प्रवासी मनुचीने लिहून ठेवले आहे की राज्यातून आलेली वाकनिसांची बातमीपत्रे रात्री नऊच्या सुमारास महालातल्या स्त्रिया बादशहाला वाचून दाखवत. दक्खनच्या मोहिमेत या साऱ्याची सूत्रे बादशहाची अविवाहित मुलगी झीनतुन्निसा बेगम हिच्या हाती होती. १६४३ चा तिचा जन्म, म्हणजे येसूबाई छावणीत आल्या तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती आणि बापाचे सगळे घर चालवत होती. कोणत्या डेऱ्यात काय हवे, कोणाची बोळवण करायची, कोणाची अर्जी बादशहाच्या कानावर कधी घालायची, हे तिच्या हातात होते. येसूबाईंची गाठ पडली ती या खात्याशी आणि त्या खात्याच्या मुखत्यार बाईशी.

आणि हे खाते एका जागी नव्हते. औरंगजेब १६८१-८२ मध्ये दक्खनेत उतरला तो परत उत्तरेत गेलाच नाही, त्यामुळे त्याचे घर पंचवीस वर्षे कापडाचे होते. विजापूर, गलगले, १६९५ पासून चार वर्षे भीमेकाठी ब्रह्मपुरी, नंतर किल्ल्यांच्या वेढ्यांत एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत, अखेर अहमदनगरजवळ भिंगार. १६९५ मध्ये इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी गलगल्याच्या छावणीत आला. त्याने तिथली वस्ती पाच लाखांवर, बाजार अडीचशे आणि एकट्या बादशाही डेऱ्यांचा घेर तीन मैल सांगितला आहे. आकड्यांत ऐकीव अतिशयोक्ती असेल, पण एक चालते शहर त्याने पाहिले यात शंका नाही. या शहराच्या मध्यभागी लाल कापडाच्या कनातींनी बंद केलेले आवार म्हणजे गुलालबार. बादशहाचे खासगी डेरे आणि जनाना त्यात. अकबराच्या काळच्या हिशेबाप्रमाणे बादशाही डेऱ्यांचा एक संच हलवायला शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाडे आणि शंभर भोई लागत. असे दोन संच असत. एक पुढच्या मुक्कामी उभा राही, दुसऱ्यात माणसे राहत. येसूबाई आणि शाहूराजे यांचा डेरा या गुलालबाराच्या आवारात किंवा त्याला लागूनच ठेवलेला असे, बादशहाच्या नजरेच्या टप्प्यात. कूच करायच्या पहाटे भांडी आवरायची, देव संपुष्टात ठेवायचे, म्हाताऱ्या सकवारबाईंना पालखीत बसवायचे, पडदा सांभाळत निघायचे आणि नव्या मुक्कामी पुन्हा चूल मांडायची, हे वर्षानुवर्षे करायचे होते. निसर्गानेही काही सोडले नाही. येसूबाई छावणीत आल्या त्याच्या आदल्याच वर्षी विजापुरात मरीची साथ येऊन गेली होती आणि तिच्यात खुद्द बादशहाची बायको औरंगाबादी महल दगावली होती. १७०० च्या ऑक्टोबरात खवासपूरला माण नदीने रात्रीतून छावणी धुऊन नेली, त्या धावपळीत बादशहा पडून पायाने कायमचा अधू झाला. १७०२ ते १७०४ या काळात दुष्काळ आणि रोगराईने दक्खन पोळून निघाली. बादशहाच्या मुदपाकखान्याला त्याची झळ लागली तर त्याच्या कडेला असलेल्या कैद्यांच्या चुलीला किती लागली असेल, हे सांगायला वेगळ्या कागदाची गरज नाही.

या वेगळ्या चुलीच्या आत मात्र आपल्याला फार थोडे दिसते, कारण त्या घराचे दप्तर उरलेले नाही. जे हाती लागते ते तुकड्यांत आहे. बादशाही अखबारांतल्या, म्हणजे दरबारी बातमीपत्रांतल्या नोंदी, उत्तरकालीन बखरी, काही पत्रे. त्यातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते चिंचवडच्या गणपती संस्थानच्या देव घराण्याला येसूबाईंनी पाठवलेले पत्र. मुक्काम हलवताना झालेल्या कर्जाचे गाऱ्हाणे त्यात आहे आणि ते फेडायला देवस्थानाने हात द्यावा अशी विनंती आहे. एवढ्या एका पत्रातून किती गोष्टी बाहेर पडतात पाहा. सात हजारी मनसबदाराची आई सावकाराची देणेकरीण होती. म्हणजे तनखा अपुरा होता किंवा वेळेवर हाती येत नव्हता. तिला उधार देणारा सावकार छावणीत होता, म्हणजे तिची पत होती. आणि अडचणीत ती झीनतुन्निसेच्या दाराशी न जाता मराठ्यांच्या एका मोठ्या देवस्थानाला लिहिते, म्हणजे पत्र बाहेर जाण्याची आणि उत्तर येण्याची वाट तिने राखून ठेवली होती. बादशहाकडून मागितले असते तर कदाचित सहज मिळाले असते, पण त्या मिळण्याचे ओझे मुलावर चढले असते. चिंचवडचे ऋण घेणे हे आपल्या माणसांशी नाते टिकवणे होते. हा माझा तर्क आहे, पण कारभार केलेल्या, स्वतःचा शिक्का चालवलेल्या बाईबद्दलचा तर्क आहे. तिने हे नकळत केले असे मानणे मला कठीण जाते.

अन्नाबद्दलचा पुरावा याहून थेट आहे आणि तो शत्रूच्या दप्तरातला आहे, म्हणून त्याला वजन जास्त. १७०० च्या पावसाळ्यातली अखबारांतली एक नोंद इतिहासकार यदुनाथ सरकारांनी पुढे आणली. शाहूराजे खंगत चालले आहेत, असे बादशहाच्या कानावर गेले. बादशहाच्या विश्वासातल्या हमीदुद्दीनखानाने खुलासा केला की ते मिठाई, फळफळावळ, पक्वान्न एवढेच खातात, शिजवलेले अन्न घेत नाहीत, कारण बंदीत असताना हिंदू तसे अन्न खात नाहीत. त्यावर औरंगजेबाने निरोप धाडला तो अशा अर्थाचा की तू कैदेत नाहीस, आपल्या घरीच बसला आहेस, तेव्हा जेवत जा. या नोंदीकडे भाविकतेने पाहून पुढे जाऊ नये. सात वर्षांचा असताना जो मुलगा गडावरून उतरला, त्याने हा नियम रायगडावर शिकलेला असणे शक्य नाही. गडावर त्याला बंदी म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते. बंदीतल्या माणसाने काय खावे, काय खाऊ नये, ही शिस्त त्याला छावणीतच, सोवळे-ओवळे पाळणाऱ्या आई-आजीच्या चुलीपाशी लागली. आणि त्या शिस्तीला त्याच वर्षी नवा अर्थ आला होता. १७०० च्या उन्हाळ्यात शाहूराजांनी इस्लाम स्वीकारावा असा बादशहाचा हुकूम झाल्याचे सांगतात. झीनतुन्निसा बेगमने रदबदली केली आणि शाहूराजांच्या जागी प्रतापराव गुजरांचे मुलगे खंडेराव आणि जगजीवन यांनी धर्म बदलला, असे मराठी परंपरा मानते. गुजर बंधूंच्या धर्मांतराची नोंद मोगली कागदांतही आहे. या घटनेनंतर काही महिन्यांतच अठरा वर्षांचा तरुण शिजलेले अन्न नाकारतो. आपण अजून तुमचे नाही, हे मोठ्याने न बोलता सांगण्याचा दुसरा कोणता मार्ग त्याच्यापाशी होता? बादशहालाही ते समजले असावे, म्हणून त्याने उत्तर दिले ते जेवणापुरते न देता घर या गोष्टीवर दिले. तुझे घर इथेच आहे, असे तो म्हणतो. येसूबाईंनी अकरा वर्षे खटपट करून जे सिद्ध केले होते ते नेमके याच्या उलट होते.

घर टिकवायचे तर सोयरीकही हवी. १७०३ च्या सुमारास छावणीतच शाहूराजांची लग्ने झाली. एक मुलगी कण्हेरखेडच्या शिंद्यांची, दुसरी सिंदखेडच्या जाधव घराण्यातल्या रुस्तमरावांची. सिंदखेड वऱ्हाडच्या सुभ्यातले, जिजाबाईंचे माहेर. रुस्तमराव मोगलांच्या चाकरीत होते, शिंदेही तसेच. म्हणून काहीजण या लग्नांना बादशहाने घडवलेली लग्ने म्हणतात, आणि त्याची संमती नि भेटी होत्याच. पण घराणी निवडली आहेत ती पाहा. शहाण्णव कुळींतल्या जुन्या, मानाच्या, भोसल्यांशी आधीपासून नाते असलेल्या घराण्यांतल्या मुली आहेत. बादशहाला मुलाला आपल्यात ओढायचे असते तर दुसरी स्थळे कमी नव्हती. लग्नानंतरची एक कथा चिटणिसांच्या बखरीत येते. सुनेला पाहायची इच्छा औरंगजेबाने दाखवली तेव्हा खरी वधू न पाठवता विरूबाई नावाच्या दासीला नटवून पाठवले गेले. कथा खरी असो वा रंगवलेली, विरूबाई खरी होती. पुढे साताऱ्यात शाहू महाराजांची सगळी खासगी तिच्या हाती आली आणि १७४० मध्ये ती वारली तेव्हा महाराज खचले. या घरातल्या दासींचा विचार आपण फार कमी करतो. येसूबाईंची शिस्त पाळायची म्हणजे पाणी भरणे, दळण, सोवळ्याचा स्वयंपाक, मुक्काम हलताना ओझी उचलणे, परक्या माणसांच्या पहाऱ्यातून निरोप नेणे, हे सारे कुणीतरी करत होते. बादशहासमोर वधू म्हणून उभे राहण्याची जोखीम ज्या मुलीवर टाकली तिला नाही म्हणायची मुभा होती का? राजघराण्याची अब्रू त्या दिवशी एका दासीच्या जिवावर राखली गेली. येसूबाईंच्या कर्तृत्वाचे मोल करताना हा हिशेब बाजूला ठेवला तर तो लेख खोटा होईल.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सारे औरंगजेबाने चालू दिले म्हणून चालले. मुलगा मराठ्यांना मान्य राहिला तरच तो त्यांच्यात फूट पाडायला उपयोगी, हे बादशहाला आणि झुल्फिकारखानाला कळत होते. १७०३ पासून शहजादा कामबक्षामार्फत सुटकेची बोलणी झाली, १७०६ मध्ये शाहूराजांना झुल्फिकारखानाच्या हवाली केले, तेही याच हेतूने. आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारायचे कारण नाही. पण धोरण सलग नव्हते. ज्याला हिंदू दावेदार म्हणून राखायचे त्याला मुसलमान होण्याचा हुकूम कोणी देत नाही. १७०० मध्ये बादशहाचे मन एका बाजूला झुकले होते, १७०३ मध्ये दुसऱ्या. ही दोलायमान वर्षे पार करायला जे आधीपासून घट्ट उभे असावे लागते, ते घर होते. शेजारच्या डेऱ्यांतच उलट उदाहरण होते. विजापूरचा सिकंदर आदिलशहा चौदा वर्षे कैदेत राहून एप्रिल १७०० मध्ये साताऱ्याजवळच्या छावणीतच मेला. गोवळकोंड्याचा अबुल हसन दौलताबादेत कैदेतच संपला. आदिलशाही घराण्यातली शहरबानू तर शहजादा आजमशी लग्न होऊन मोगल जनान्यात कधीच मिसळून गेली होती. ही घराणी पुन्हा उभी राहिली नाहीत. यावर कोणी म्हणेल, मराठ्यांची फौज बाहेर लढत होती, आदिलशाहीची नव्हती, फरक तेवढाच. फरक मोठा आहे, मान्य. पण बाहेर लढणारी फौज राजाराम आणि ताराबाईंची होती. ती शाहूराजांसाठी लढत नव्हती. त्या फौजेतल्या माणसांनी आपला धनी सोडून कैदेतून आलेल्या तरुणाकडे यावे, यासाठी फौज असण्यापलीकडे आणखी काही लागत होते.

दुसरा आक्षेप साधनांचा आहे. मल्हार रामराव चिटणिसांची बखर शंभर वर्षांनंतर, साताऱ्याच्या छायेत लिहिलेली. तिच्यात शाहू महाराजांचा आणि येसूबाईंचा गौरव होणारच. म्हणून मी मुख्य भार बखरीवर ठेवला नाही. अन्नाची नोंद, गुजरांचे धर्मांतर, मनसब, डेऱ्याची जागा, या गोष्टींना फारसी कागद आहेत. कर्जाला खुद्द त्या बाईचे पत्र आहे. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. शाहू महाराज बाहेर आले ते निर्भेळ मराठा राहून आले का? नाही. बादशाही रीतभात, ऐसपैस राहणी, मोगल तख्ताबद्दल आयुष्यभर टिकलेला आदर, हे त्यांनी त्याच छावणीतून आणले. सुटकेनंतर ते खुलताबादेला औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घ्यायला गेले, अशी नोंद रियासतकार सरदेसाई देतात. झीनतुन्निसेबद्दल त्यांना आईसारखी माया होती. तेव्हा त्यांना वाढवणारी घरे दोन होती आणि दोन्ही स्त्रियांची होती, असे म्हणावे लागते. येसूबाईंनी त्यांना दुसऱ्या घरापासून तोडले नाही, तोडता येणारही नव्हते. बेगमेची माया ही ढाल होती आणि ती त्यांनी वापरली. त्यांनी राखल्या त्या मोजक्या जागा, म्हणजे चूल, देवघर आणि लग्नाचा मांडव. ज्या समाजाकडे परत जायचे होते तो समाज माणूस आपला की परका हे याच तीन जागी तपासतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आणि तो समाज तसाच तपासत होता, याचा पुरावा दोन्ही बाजूंनी मिळतो. ३ मार्च १७०७ ला औरंगजेब वारला. शहजादा आजम उत्तरेकडे निघाला आणि मे महिन्यात भोपाळच्या बाजूला दोराह्याजवळ त्याने शाहूराजांना सोडले. ताराबाईंनी आपल्या सरदारांना दूधभातावर हात ठेवून निष्ठेची शपथ घ्यायला लावली. तिकडे शपथेला दूधभात, इकडे ओळख पटवायला परसोजींचे ताट. हा योगायोग म्हणता येणार नाही. चेहरा ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, सात वर्षांच्या मुलाला पाहिलेल्यांनी पंचविशीच्या माणसाला कसे ओळखायचे? प्रश्न होता तो बाटला आहे की नाही हा, आणि तो कोणी तोंडाने विचारत नव्हते. परसोजी स्वतः भोसले, मोठ्या बिरादरीचे. त्यांनी चुकीच्या ताटात हात घातला असता तर वऱ्हाडातली त्यांची सगळी प्रतिष्ठा गेली असती, पोरीबाळींची लग्ने अडली असती. ते जेवले, कारण छावणीतल्या त्या घराची ख्याती त्यांच्यापर्यंत आधीच पोचली असली पाहिजे. रुस्तमराव जाधवांसारखे सोयरे त्याच सुमारास शाहूराजांना येऊन मिळाले होते. ज्याने आपली लेक त्या घरात दिली होती त्याच्यापेक्षा त्या घराच्या चुलीची ग्वाही आणखी कोण देऊ शकणार? पुढे खेडच्या लढाईआधी ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूराजांकडे फिरले आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झाला, ही हकीकत सर्वांना माहीत आहे.

पण घर चालवणाऱ्या बाईला या साऱ्यात घरी येता आले नाही. शाहूराजे कबूल केल्याप्रमाणे वागावेत म्हणून आजमने येसूबाईंना, सुनेला आणि मदनसिंगाला ओलीस ठेवून घेतले. ते सर्व दिल्लीला गेले. ज्या मुलासाठी अठरा वर्षे एवढे केले तो साताऱ्यात राज्य करत होता आणि आई आणखी बारा वर्षे परक्या शहरात राहिली. या बारा वर्षांत तख्तावर बहादूरशहा, जहांदारशहा, फर्रुखसियर असे धनी बदलत गेले. येसूबाईंच्या दिल्लीतल्या दिनक्रमाबद्दल इतिहासकारांनी अक्षरशः दोन-चार ओळी लिहिल्या आहेत. मुलगा गेल्यावर त्या घराचे राजकीय महत्त्व संपले, असे गृहीत धरल्यामुळे हे घडले असावे. ते गृहीत चुकीचे आहे, हे १७१८ च्या कराराची कलमे सांगतात. दक्खनचा मोगल सुभेदार सय्यद हुसेन अलीशी शाहू महाराजांचे पेशवे बाळाजी विश्वनाथांनी जो करार ठरवला त्यात शिवाजी महाराजांचे स्वराज्य, औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बेदर, विजापूर आणि हैदराबाद या सहा सुभ्यांची चौथाई नि सरदेशमुखी, खानदेश-गोंडवन-वऱ्हाडकडे मराठ्यांनी नव्याने घेतलेला मुलूख, आणि त्यांच्याच बरोबरीने येसूबाई नि राजकुटुंबाची सुटका, अशी मागणी होती. मार्च १७१९ मध्ये दिल्लीत चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा झाल्या. जुलैत बाळाजी विश्वनाथ येसूबाईंना घेऊन साताऱ्यात पोचले. रायगड उतरल्याला तेव्हा एकोणतीस वर्षे होऊन गेली होती. वऱ्हाडची चौथाई आणि येसूबाईंची सुटका ही एकाच करारातली कलमे आहेत. पहिल्याच्या आधारावर भोसल्यांचे कमाविसदार पुढे ऐंशी वर्षांवर नरनाळ्याखालच्या गावांतून वसूल नेत राहिले आणि त्यावर ग्रंथ झाले. दुसऱ्या कलमावर अजून स्वतंत्र अभ्यास व्हायचा आहे, आणि त्यासाठी चिंचवडच्या दप्तरापासून दिल्लीच्या अखबारांपर्यंतचे कागद स्वयंपाक, कर्ज आणि सोयरीक या नजरेने पुन्हा वाचावे लागतील.